‘ती त्यांचं सगळं करते’

मराठीतलं ‘करणं’ हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. ‘तिनं सासूचं खूप केलं’, ‘शेवटची पाच वर्षं नवऱ्याचं सगळं केलं हो तिनं’, असं आपण हळदीकुंकवात, लग्नघरात, तेराव्याला सहज बोलून जातो. काय केलं, ते कोणी सांगत नाही. कोणी विचारतही नाही. औषधं देणं, भरवणं, पाय चेपणं, दवाखान्यात नेणं या कामांना आपापली नावं आहेत आणि ती चारचौघांत घेता येतात. ती वजा केल्यावर ‘सगळं’ या शब्दाच्या पोटात जे उरतं, ते म्हणजे लघवी आणि संडास. त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ‘सगळं’.

मला त्या उरलेल्या भागाबद्दल लिहायचं आहे. नवऱ्याला स्मृतिभ्रंश झाला आहे, लघवी-शौचावरचा त्याचा ताबा गेला आहे आणि बहुधा स्वतःही साठी ओलांडलेली त्याची बायको ते निस्तरते आहे. या निस्तरण्यात कष्ट आहेत, कौशल्य आहे, खर्च आहे. पण ते बायकोनंच करायचं असतं, हे सगळ्यांनी गृहीत धरल्यामुळे ते तिला कोणी शिकवत नाही, त्याचे पैसे कोणी मोजत नाही आणि एका रात्रीची सुट्टी तिला कोणी देत नाही. माझी तक्रार या गृहीत धरण्याबद्दल आहे.

मी व्यवसायानं वैद्यकीय समाजसेविका आहे. बाह्यरुग्ण विभागात आणि घरभेटींत अशा बायका मला नेहमी भेटतात. त्यांच्या बोलण्याचा एक ठरलेला क्रम असतो. ‘हे’ नातवाचं नाव विसरतात, चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात, जेवून उठले तरी जेवायला दिलं नाही म्हणतात, हे सगळं अर्धा तास मोकळेपणानं सांगून होतं. मग मी निघायला उठते, चपला घालते, आणि त्या वेळी दाराच्या चौकटीला धरून, आवाज खाली आणून त्या म्हणतात, ‘ताई, एक विचारू का? हे हल्ली कपड्यातच करतात.’ मग मी चपला काढून परत बसते. खरी भेट तिथून पुढे सुरू होते.

विसरण्याला आता आपल्याकडे थोडी प्रतिष्ठा आली आहे. त्यावर सिनेमे निघतात, व्याख्यानं होतात. पूर्वी ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देत, आता निदान ‘अल्झायमर’ हा शब्द घराघरांत पोचला आहे. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं मांडला. आजार पुढे सरकतो तसा यांतल्या बहुतेकांचा लघवीवरचा आणि नंतर शौचावरचा ताबा जातो. म्हणजे हा लाखो घरांतला रोजचा प्रश्न आहे. तरीही त्याबद्दलची कुजबुज दाराच्या चौकटीतच राहते.

आपल्या लग्नपद्धतीत नवरा बायकोपेक्षा चार-सहा वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही मोठा असतो. त्यामुळे तो आजारी पडतो तेव्हा करायला बायको हजर असते. ती आजारी पडते तेव्हा तो बहुधा हयात नसतो आणि मग सून किंवा मुलगी ‘करते’. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरच्यांची काळजी घेण्याच्या बिनमोबदला कामात असल्याचं दिसलं. त्या रोज सरासरी १४० मिनिटं त्यात घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. आकडे बोलके आहेतच, पण मला त्या वयोगटाची गंमत वाटते. पाहणीतून मोठ्या अक्षरांत सांगितला जातो तो हाच, ५९ वर्षांपर्यंतचा आकडा. मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती ६६ वर्षांची आहे. सरकारच्या लेखी तिचं काम करण्याचं वय संपलेलं आहे.

नातेवाईक तिची समजूत घालतात, ‘आता त्यांना लहान मूलच समजायचं.’ ही तुलना ज्यांनी कधी मूलही धुतलं नाही आणि म्हाताराही नाही, त्यांनाच सुचते. मुलाचं वजन आठ किलो असतं. ते एका हातानं उचलता येतं, आणि आज ओलं केलं तरी वर्षभरात ते शिकणार, ही खात्री असते. नवऱ्याचं वजन ६५ किलो असतं. तो शिकत नाही, विसरत जातो. मूल धुताना रडतं. नवरा हात धरून मुरगाळतो, कारण आपल्या चड्डीला हात घालणारी ही बाई कोण, हे त्या क्षणी त्याला कळत नाही. वर आयुष्यभर ज्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याला उभं करून ढुंगण धुवायचं, यात दोघांचीही जी मोडतोड होते तिला बाळंतपणातलं काहीही तुल्य नाही.

रात्र कशी असते ते सांगते. चाळीतली दीड खोली, संडास व्हरांड्याच्या टोकाला, नळाला पाणी पहाटे तासभर. रात्री एकला ते उठतात, दार सापडत नाही, कपाटाजवळ उभं राहून लघवी करतात. ती उठते, दिवा लावते, फरशी पुसते, लेंगा बदलते, त्यांना परत आडवं करते. तीनला अंथरूण भिजतं. आता चादर, गोधडी, मेणकापड सगळं काढायचं, आणि ते करताना त्यांना खुर्चीत बसवायचं तर ते उठून चालू लागतात. पाचला पाणी येतं तेव्हा तिचं धुणं सुरू होतं. तिला रक्तदाब आहे, दोन्ही गुडघे गेलेले आहेत. सकाळी शेजारीण विचारते, ‘झोप लागली का?’ आणि ती म्हणते, ‘हो.’ वास येऊ नये म्हणून ही बाई दिवसभर उदबत्ती लावते. येणारे-जाणारे कमी होतात, मग तीच कुणाला बोलवेनाशी होते. नवऱ्याचा आजार बायकोला असा घरात कोंडतो.

याच जागी उलटा प्रकार असेल, म्हणजे बायको आजारी आणि नवरा करणारा, तर काय होतं? बायकोचं सगळं अगदी मायेनं करणारे दोन-तीन पुरुष माझ्या पाहण्यात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या घरी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘अहो, तुम्ही कशाला? एखादी बाई ठेवा ना!’ मुलीला सासरहून बोलावून घेतात. पुरुषानं हे काम केलं की सगळ्या गल्लीत कौतुक होतं. बाईनं केलं तर ते झालेलं दिसतच नाही, आणि एखाद्या दिवशी झालं नाही तर मात्र लगेच दिसतं.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्या केंद्रांवर मारहाणीच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायका आता म्हाताऱ्या होताहेत. त्यांतल्या कितीतरी परत त्याच घरात गेल्या, जावंच लागलं. ज्यानं तीस वर्षं मारलं, पैशापैशाला हात पसरायला लावला, त्याच माणसाचं आज डायपर बदलायचं आहे. अशी एक बाई मला म्हणाली, ‘त्यांना काहीच आठवत नाही ताई. मला सगळं आठवतं.’ सगळे नातेवाईक तिला सांगतात की झालं गेलं विसरून जा. विसरण्याचा आजार नवऱ्याला झाला, आणि विसरण्याची सक्ती बायकोवर! हे काम करायचं की नाही, हा प्रश्न तिला आजवर कुणीही विचारलेला नाही. मुलांनी नाही, डॉक्टरांनी नाही. नकार देण्याची सोय असती, तर कदाचित तिनं दिलाही नसता. पण तेव्हा तिचं करणं तिचं स्वतःचं झालं असतं.

आणि जिथे प्रेमाचा संसार झाला तिथेही हात उगारला जातो, हेही लिहायला हवं. चौथ्यांदा बदललेली चादर पाच मिनिटांत भिजली की बाई नवऱ्याला चापट मारते, चिमटा काढते, ओरडते, ‘मुद्दाम करता तुम्ही!’ मग मोरीत बसून रडते. यावर तिला पातिव्रत्याचे धडे देण्यात अर्थ नाही. तो मुद्दाम करत नाही, हे तिला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, आणि तिला सलग पाच तास झोप मिळायला हवी. आजारी माणसाच्या अंगावर वळ उठू नयेत याची काळजी असेल, तर त्याच्या बायकोच्या झोपेची सोय आधी लावली पाहिजे.

तो मुद्दाम करत नाही म्हणजे काय? ताबा जाण्याची कारणं अनेक असतात, आणि सगळीच स्मृतिभ्रंशाची नसतात. मला सर्वात जास्त राग या अज्ञानाचा येतो. अज्ञान बायकांचं नाही, त्यांना न सांगणाऱ्यांचं. ‘या आजारात असं होणारच, डायपर लावा,’ असं म्हणून पुढचा पेशंट बोलावला जातो. पण लघवी अचानक, दोन-चार दिवसांत सुटायला लागली तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. तो औषधानं बरा होतो. म्हाताऱ्या माणसाला यात ताप येईलच असं नाही, नुसता गोंधळ वाढलेला दिसतो. प्रोस्टेट वाढलं असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि थेंब थेंब गळत राहतं. बद्धकोष्ठानं आत शौचाचा खडा धरला, तर त्याच्या दाबानं लघवी सुटते, आणि खड्याच्या कडेनं पातळ संडास झिरपतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, ते जुलाब थांबवायची गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट होतो. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी रात्री घेतली जात असेल तर रात्रभर अंथरूण भिजणारच. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला हवं. स्मृतिभ्रंशासाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळीनंही काही जणांना लघवी आवरत नाही. ते लक्षात न घेता लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखी दुसरी गोळी दिली, तर ती पहिलीच्या नेमकी उलट काम करते आणि गोंधळ वाढतो. आणखी एक: अल्झायमरमध्ये ताबा जातो तो साधारण आजार बराच पुढे गेल्यावर. सुरुवातीलाच लघवी सुटू लागली आणि चालही पाय जमिनीला चिकटल्यासारखी झाली, तर मेंदूत पाणी साठण्याचा आजार आहे का, हे तपासायला सांगावं. तो काही वेळा शस्त्रक्रियेनं सुधारतो. मैत्रिणींनो, हे सगळं साध्या मराठीत दहा मिनिटांत सांगता येतं. दहा मिनिटं कुणाकडे नाहीत, कारण ‘बायको आहे ना घरी’.

कारणं तपासून झाल्यावरही जो ताबा उरत नाही, त्याचं मोठं कारण असं की माणसाला संडास सापडत नाही, सापडला तर दार कशाचं ते कळत नाही, आणि कळलं तरी नाडी सुटत नाही. म्हणून नाडीचा लेंगा बंद करावा आणि इलॅस्टिकचा शिवून घ्यावा. नेहमी लुंगी नेसणाऱ्याला लुंगीच बरी. संडासचं दार उघडं ठेवावं, रात्रभर दिवा चालू ठेवावा, वाटेतल्या चपला, पायपुसणी, बादल्या उचलाव्यात. भांड्याची बैठक आणि फरशी दोन्ही पांढरी असतील तर बसायचं कुठे ते त्याला दिसत नाही. बैठक गडद रंगाची असली की फरक पडतो. संडास चाळीच्या टोकाला असेल तर खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणि रात्री हाताशी लघवीचं भांडं.

सर्वात उपयोगी पडतं ते घड्याळ. दोन-तीन दिवस वहीत लिहून ठेवावं: किती वाजता ओलं झालं, किती वाजता काय प्यायले. बहुतेकांचं एक वेळापत्रक दिसू लागतं. मग त्याच्या थोडं आधी, साधारण दर दोन तासांनी, त्यांना घेऊन जायचं. ‘लागली का?’ असं विचारलं की ते ‘नाही’ म्हणतात. न विचारता हात धरून ‘चला, पाय मोकळे करू’ म्हणावं. शौचासाठी सकाळच्या चहानंतर किंवा नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी बसवावं. पोटात काही गेलं की आतड्यांना चालना मिळते, ही शरीराची सवय स्मृतीच्या आधीची आहे, ती शेवटपर्यंत टिकते. ज्या घरांत हे नेमानं जमलं तिथे ओले कपडे निम्म्यावर आलेले मी पाहिले आहेत. अर्थात दर दोन तासांनी उठायचं कोणी, हा प्रश्न तिथेही उरतोच.

पाणी मात्र तोडू नये. ही चूक सगळीकडे होते, आणि समजण्यासारखी आहे. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय चरचरतं, लघवी उलट जास्त वेळा लागते, वर बद्धकोष्ठ आणि संसर्ग. पाणी दिवसा भरपूर द्यावं, आणि संध्याकाळी सहानंतर चहा बंद. लघवीची नळी सोयीची वाटते, काही खासगी दवाखाने सहज घालूनही देतात. पण कायमची नळी म्हणजे वारंवार संसर्ग, आणि गोंधळलेला माणूस ती ओढून काढतो, रक्त येतं. लघवी तुंबल्यामुळे घालावी लागली तर गोष्ट वेगळी. बायकोच्या रात्रीच्या सोयीसाठी बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर एकदा विचारून पाहावी.

आणि कातडी. ओल्यात राहिलेली कातडी लाल होते, सोलते, मग त्यात जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. कोमट पाण्यानं धुवावं, घासू नये, मऊ कापडानं टिपून कोरडं करावं, वर पेट्रोलियम जेली किंवा झिंकचं मलम लावावं. जुन्या सुती साडीच्या घड्या आणि खाली मेणकापड, ही आपल्या आज्यांची पद्धत अजूनही चांगली आहे. फक्त मेणकापड उघड्या अंगाला लागू देऊ नये. डायपर रात्री, प्रवासात, दवाखान्यात जाताना जरूर वापरावा. दिवसभर वापरायचा तर दर तीन-चार तासांनी, आणि संडास झाल्यास लगेच बदलायला हवा. आणि इथे पैशाचा प्रश्न येतो.

माझ्या पाहण्यातल्या घरांत एक डायपर ३५ रुपयांच्या आसपास पडतो. दिवसाला तीन धरले तर महिन्याला ३,१५० रुपये. ज्या घरात निवृत्तिवेतनच नाही, तिथे एक डायपर पिळून, वाळवून पुन्हा लावलेला मी पाहिला आहे. मासिक पाळीच्या पॅडवरचा कर बायकांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. मोठ्यांच्या डायपरवरचा १२ टक्के कर त्यानंतर सात वर्षं तसाच राहिला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. त्यासाठी कुठे मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. आपणही काढला नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये ठरवले. त्यात कमोडची खुर्ची आहे, ही चांगली गोष्ट. डायपरच्या हिशेबात मात्र हे पैसे महिनाभरही पुरत नाहीत. केंद्राचं २०२४ साली सुरू झालेलं सत्तर वर्षांवरच्यांचं पाच लाखांचं आरोग्य कवच रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं, आणि हा आजार तर घरातल्या खाटेवर वर्षानुवर्षं चालतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलांना पैसे द्यायला लावू शकतो, रात्री तीनला उठायला लावू शकत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यात जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख कलम २४ मध्ये आहे. स्मृतिभ्रंशाच्या किती बायकांनी तो पाहिला, असं मला कोणी विचारलं तर माझ्याकडे आलेल्यांपैकी एकीनंही नाही.

पैसेवाल्या घरात ब्युरोची बाई येते. मग प्रश्न सुटला का? बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नाही, आजारी पडली तर पगार कापला. तिला कामावर घेताना विचारतात, ‘घाण काढशील ना?’ आणि ती कोणत्या जातीची आहे, हे न विचारता जाणून घेतात. तिचा चहाचा कप वेगळा असतो. मग ते डायपर कचऱ्याच्या डब्यात जातात आणि तिथून ज्या हातांत पडतात, ते पुन्हा बाईचेच. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीमच चालवली होती. उघडा डायपर हातात घ्यायला लागू नये, एवढीच त्यांची साधी मागणी. मलमूत्र हाताळणं आपल्या समाजानं जातीवर आणि बाईवर वाटून टाकलं आहे. घरात असेल तोवर बायको, दाराबाहेर गेलं की खालच्या मानलेल्या जातीची बाई. घरातल्या बायकोच्या कष्टाबद्दल बोलताना या दुसऱ्या दोघींना विसरून चालणार नाही.

जपानमध्येही हे काम असंच घराच्या आत, सुनेच्या पदरात पडलेलं होतं. १९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेनं, भ्रमिष्ट झालेल्या सासऱ्याचं करणाऱ्या नोकरदार सुनेवर कादंबरी लिहिली. तिच्या लाखो प्रती खपल्या आणि घरातलं हे काम चर्चेत आलं. १९८३ मध्ये केइको हिगुची यांच्या पुढाकारानं बायकांची संघटना उभी राहिली आणि वृद्धांची काळजी हा सरकारचा विषय आहे, असं त्यांनी लावून धरलं. १९९७ मध्ये कायदा झाला, २००० पासून दीर्घकालीन काळजी विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकानं वर्गणी भरायची आणि गरज पडल्यावर घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, काही दिवसांसाठी निवास मिळायचा. यातला एक वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. घरच्या काळजीवाहकाला रोख रक्कम द्यावी का, असा प्रश्न आला तेव्हा या बायकांनी विरोध केला. हातावर थोडे पैसे ठेवले की सून आणखीच बांधली जाईल, आम्हाला पैसे नकोत, माणूस पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये ठरले. कुणीतरी हे काम मोजलं, म्हणून मला त्याचं अप्रूप आहेच. पण सहाशे रुपयांत सतरा-अठरा डायपर येतात. झोप येत नाही.

म्हणून माणूस मागितला पाहिजे. शहरांत स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी दिवसाची केंद्रं थोडीफार आहेत. त्यांतल्या अनेक ठिकाणी मी चौकशी केली तेव्हा प्रवेशाची पहिली अट हीच निघाली, की पेशंटला स्वतःचं लघवी-संडासचं स्वतः करता आलं पाहिजे. म्हणजे बायकोला सर्वात जास्त गरज ज्या दिवशी पडते, त्या दिवशी केंद्राचं दार बंद होतं. ही अट काढायला लावणं, ही आपल्यासारख्या संघटनांनी हातात घेण्याजोगी मागणी आहे. सरकारी रुग्णालयात स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर ‘लघवी-शौचावर ताबा आहे का? रात्री कोण उठतं?’ हे दोन प्रश्न छापलेले असावेत. आणि आपल्या स्वतःच्या शिबिरांत बाळंतपण, पाळी, हुंडा यांच्याबरोबर या विषयालाही एक तास असावा. चळवळ सुरू केली तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणी पंचविशीत होत्या. आता त्यांचीच साठी झाली आहे.

आमच्या कामाच्या भागात बचत गटातल्या चौघींनी एकीसाठी पाळी लावली आहे, दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच. चड्डी कशी बदलायची, कुशीवर कसं वळवायचं, ते एका दुपारी सगळ्या जणी शिकल्या. पहिल्या गुरुवारी ती कुठे फिरायला गेली नाही, देवळातही नाही. शेजारच्या खोलीत जाऊन तीन तास झोपली. तिसऱ्या आठवड्यात मुलाचा फोन आला, ‘बाहेरच्या बायकांना बाबांचं कशाला करायला लावतेस? लोक काय म्हणतील?’ त्यावर गटात चर्चा झाली आणि पुढच्या गुरुवारची पाळी त्यालाच द्यायची असं ठरलं. त्याला तसा निरोपही गेला आहे. अजून तो आलेला नाही.